हवेची जाळी

मुहर्रक, बहरीन
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

अकीला आपा,

सलाम.

पाकिटाच्या मागे माझं नाव लिहावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. नाव वाचून तू ते फोडणारच नाहीस, असं वाटत होतं. पण बिननावाचं पाकीट परदेशातून आलं तर तू घाबरशील. आपल्या दोघांत घाबरण्याचं काम मी एकट्याने करतो, तेवढं पुरे आहे. म्हणून लिहिलं. मुनाफ.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोनवर मला काही सांगता आलंही नसतं. कागदावर निदान खोडता येतं.

हे पत्र मी तीनदा तपासलं आहे. तू माझ्या वहीत लाल पेन्सिलने गोल करायचीस आणि गोल आला की तो शब्द खाली पाच वेळा लिहायला लावायचीस. नववीत माझी शाळा सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घाची भीती सुटली नाही. इथे मी सामानाची यादी लिहितो ती मराठीत, आणि आमच्या ऑफिसातला मयुरेश म्हणतो, "मुनाफ, पाना मागवतोयस की निबंध लिहितोयस?"

एक गंमत सांगतो. मी आलो त्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून पाइपाचा एक सांधा गळला. फोरमनसमोर मान खाली घालून उभा राहिलो. त्याने हात झटकला आणि म्हणाला, "मफी मुश्कील." मला ऐकू आलं ते असं की माफी मुश्कील आहे. मी तिथेच सिमेंटच्या गोणीवर बसलो. मग एका केरळच्या माणसाने हसत हसत सांगितलं की अरे, मफी म्हणजे नाही. मफी मुश्कील म्हणजे काही अडचण नाही. इथे हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. पाणी मफी, लिफ्ट मफी, सुट्टी मफी. आता मीही बोलतो. एका कान्याने शब्द किती बदलतो, ते तुला मी काय सांगणार.

काम बरं आहे. आमची कंपनी घरांत पाण्याचे पाइप टाकते. सध्या अरादला एका बंगल्यात आहे. मालक बू राशिद. त्यांची आई ऐंशीच्या पुढे आहे, तिला सगळे मामा म्हणतात, आपल्याकडे अम्मा म्हणतात तसं. इथे आठ महिने ऊन भाजतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारी संगमरवराची फरशी बर्फासारखी होते आणि मामांच्या पायांची हाडं दुखतात. दोन मोजे घालूनही त्या पलंगावरून पाय खाली ठेवत नाहीत. म्हणून मुलाने त्यांच्या खोलीची फरशी उकरून खाली पाइप टाकायला सांगितले. पाइपांतून कोमट पाणी फिरणार, वरची फरशी उबदार होणार. पाइप मी टाकले. नागमोडी, दोन पाइपांत बरोबर पंधरा सेंटिमीटर अंतर. सांधा एकही नाही. तीन दिवस दाब ठेवून पाहिला, काटा हलला नाही. मग वर फरशी बसली.

आता एवढंच ठरायचं आहे की पाणी तापवायचं कशाने.

हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. का ते तुला कळेल. जगात दुसऱ्या कुणाला कळणार नाही, म्हणून तुला लिहितो आहे.

तुझ्या लाईबाच्या चाळिसाव्याला मी थांबलो नाही. व्हिसा आला होता, हे खरं. तारीख पुढे ढकलता आली असती, हेही खरं.

मुनाफ


मुहर्रक
शुक्रवार, १२ डिसेंबर

आपा,

पत्र पोचलं असेल किंवा नसेल. मी लिहीत राहतो.

सोमवारी अदलियाला ऑफिसात बोलावलं होतं. खाली कॉफीचं दुकान आहे, वर आमच्या दोन खोल्या. जयप्रकाश साहेब पुण्याचे, इंजिनियर. मयुरेश डोंबिवलीचा, तो अंदाजपत्रकं करतो. मला बोलावलं कारण पाइप मी टाकले होते. तीन खुर्च्या होत्या, तरी मी दाराजवळ उभा राहिलो.

मयुरेश म्हणाला, "साहेब, बहरीनमध्ये फरशी गरम करायची म्हणजे उंटाला स्वेटर विणण्यातला प्रकार आहे."

"उंट पैसे देतोय ना? मग विण," साहेब म्हणाले.

मग त्यांनी एकेक गोष्ट फळ्यावर लिहिली. विजेचा बॉयलर: घराची वीजजोडणी पुरणार नाही, वाढवून घ्यायला अर्ज, तपासणी, सगळं आलं. छतावर सूर्याचा बंब: दिवसा चालेल, पण मामांना थंडी वाजते रात्री. हीट पंप: हे यंत्र बाहेर अंगणात बसतं. मयुरेशने मला समजावलं, "एसी उलटा चालवलास की झालं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो. जाळ नाही, धूर नाही." मला ते फार आवडलं. पण ते मागवायला सहा आठवडे लागतात.

आणि शेवटी गॅस.

मीना सलमानच्या आमच्या गोदामात एक गॅसचा बॉयलर दोन वर्षं पडून आहे. एका हॉटेलसाठी आणला होता, ते काम रद्द झालं. त्यावर धुळीचा असा थर आहे की कुणीतरी बोटाने 'खलास' लिहून ठेवलंय. साहेब म्हणाले, "आहे ना घरात? मग तोच बसवू. म्हातारीच्या खोलीला लागून स्टोअर आहे, तिथे आत ठेवला की पाइपही लांब न्यायला नको. हिवाळा काय आपल्या पंपासाठी थांबणार आहे?"

मी विचारलं, "साहेब, हा जळायला हवा कुठून घेतो?"

"खोलीतली. म्हणून तर भिंतीला दोन जाळ्या ठेवायच्या, एक खाली, एक वर. धूर नळकांड्यातून बाहेर."

"आणि जाळ्या बंद झाल्या तर?"

"जाळ्या कशाला बंद होतील?"

"झाल्या तर?"

मयुरेश हसला. "तू विमा कंपनीतून आलायस का रे?"

"अलार्म लावू आपण," साहेब म्हणाले. ते वाईट नाहीत, आपा. उलट ते माझ्याशी नीट बोलतात. "विषारी वायू साठला तर वाजतो तो. झालं समाधान?"

मामांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने थोडं. त्यांची देखभाल करणारी मसूदा अंगणापलीकडच्या खोलीत झोपते. हे मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हो साहेब."

तुला माहीत नसेल, मी इथे थंड पाण्याने आंघोळ करतो. जानेवारीतही. खोलीतले लोक मला पहिलवान म्हणतात. ते शेगडी पेटवतात तेव्हा मी चप्पल घालून दाराबाहेर बसतो. त्यांना वाटतं, मला कांद्याचा वास सहन होत नाही.

त्या वायूला वासच नसतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मुनाफ


मुहर्रक
शुक्रवार, २६ डिसेंबर

आपा,

मागच्या शुक्रवारी पत्र लिहिलं नाही. बॉयलर बसवत होतो.

भिंतीत भोकं मी पाडली. जाळ्या मी बसवल्या. प्रत्येकी चार स्क्रू. धूर नेणारं नळकांडं छतापर्यंत नेलं, प्रत्येक जोडावर हात फिरवून पाहिला. कागदावर सगळं बरोबर आहे. साहेबांनी सह्या घेतल्या. अजून पेटवलेला नाही, गॅसची टाकी आणि तिची तपासणी व्हायची आहे.

मंगळवारी धुळीचा वारा सुटला. इथे असा वारा सुटला की आकाश खाकी होतं आणि लोक दारांच्या फटीत ओले कपडे कोंबतात. बुधवारी मी स्टोअरमध्ये गेलो तर दोन्ही जाळ्यांवर टेप. रुंद, राखाडी, चांगल्यातली टेप.

मी मसूदाला हाक मारली. ती बांगलादेशची आहे, चाळिशीची असेल, माझ्याशी हिंदीत बोलते.

"ये किसने किया?"

"मैंने," ती म्हणाली, आणि तिला त्याचा अभिमानच होता. "तुम छेद करके चला गया. पूरा मिट्टी अंदर आया. मामा को खाँसी है, मालूम है तुमको? दो घंटा झाड़ू मारा मैंने."

"बंद नहीं करना. कभी नहीं. आदमी मर जाएगा."

"मिट्टी से भी मरता है," ती म्हणाली. "तुम्हारा अम्मा होता तो तुम क्या करता?"

मी टेप काढली. आपा, तिने टेपच्या कडा नखाने दाबून दाबून गुळगुळीत केल्या होत्या. कोपरे दुमडून चौकोनी केले होते, एकही सुरकुती नव्हती. मी पाहत राहिलो. अगदी माझ्यासारखं काम.

काल पुन्हा गेलो. टेप नव्हती. खालच्या जाळीत टॉवेल कोंबलेला होता, वरच्या जाळीत उशीचा अभ्रा. तिने माझं ऐकलं होतं. टेप लावू नको म्हटलं, म्हणून टेप लावली नाही.

जयप्रकाश साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "हे बघ, आपण जाळी दिली. सूचना दिली. अलार्म दिला. नंतर त्यांच्या घरात ते काय कोंबतात त्याला आपण काय करणार? मी काय रोज रात्री अरादला जाऊन टॉवेल काढू?"

त्यांचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे. मसूदाचंही. बंद करणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नसतं. कुणाला थंडी वाजू नये, कुणाला खोकला येऊ नये, एवढंच असतं. तेच मला जास्त भीतीचं वाटतं. वाईट माणूस असता तर त्याच्यावर नजर ठेवता आली असती.

तुमच्या बाथरूमची वरची खिडकी त्या दिवशी उघडी होती. सगळ्यांनी पाहिली. पंचनाम्यातही तसंच लिहिलं आहे.

याबद्दल मला अजून एक ओळ लिहायची होती. आज नाही.

मुनाफ


मुहर्रक
शुक्रवार, २ जानेवारी २०२६

आपा,

मंगळवारी बॉयलर पेटवायचा आहे. सकाळी दहा वाजता. बटण मी दाबायचं आहे.

म्हणून आज लिहितो. हे पत्र मी पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर टाकणार नाही, हे मला माहीत आहे.

तो गॅसचा गीझर मी तुमच्याकडे लावला तो दिवाळीच्या सुट्टीत. लाईबाला सकाळची शाळा होती, आणि बंबाला वेळ लागायचा. तिने मला सांगितलं होतं, "मामू, तू प्लंबर आहेस तर आमच्याकडे अजून बंब का?" मी खेडच्या बाजारातून आणला आणि लावला. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की खिडकी उघडी राहू द्या. खिडकी उघडी होती. नोव्हेंबर, डिसेंबर, काही झालं नाही.

१४ जानेवारीला, रविवारी, तू आणि दुल्हाभाई चिपळूणला लग्नाला गेला होतात. लाईबाला सर्दी होती म्हणून ती घरी राहिली आणि मी तिच्या सोबतीला. दुपारी ती म्हणाली, "मामू, आंघोळ करताना वरून थंड वारा येतो. अंगावर काटा येतो बघ." असा हात पुढे करून दाखवला.

मी प्लास्टिकचा जाड पत्रा मापात कापला. खिडकीला आतून बसवला. चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं. बोट ओलं करून कडा गुळगुळीत केल्या. तिने स्टूल धरलं होतं. झाल्यावर ती हात वर करून म्हणाली, "वारा बंद!" आणि टाळ्या वाजवल्या. तुम्ही उशिरा आलात. सांगायचं राहिलं. एवढं लहान काम, सांगायचं काय त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आंघोळ तिची. वारा येत नव्हता म्हणून ती आत जास्त वेळ थांबली असेल.

दार दुल्हाभाईंनी तोडलं. तुम्ही तिला उचलून रिक्षाकडे धावलात. मी मागे राहिलो. तुला वाटलं असेल, मी गॅस बंद करायला थांबलो. गॅस मी बंद केला. मग स्टुलावर चढून तो पत्रा ओढून काढला. सिलिकॉन अजून ओलं होतं, सहज निघालं. कडेचं नखाने खरवडलं. पत्रा विहिरीच्या मागे, गवतात टाकला. मग तुमच्या मागे दवाखान्यात आलो.

हे मी का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी विचार करून केलं नाही, पण काळजीपूर्वक केलं.

पोलीस आले तेव्हा खिडकी उघडी. मग लोक म्हणाले, खिडकी उघडी असून असं कसं झालं? मग कुणीतरी म्हणालं, आई स्वयंपाकघरात होती, एवढा वेळ दार का ठोकलं नाही? तुझी सासू म्हणाली. नंतर दुल्हाभाई म्हणाले. मी तिथेच बसलो होतो, तुझ्यासमोर, हातात पाण्याचा तांब्या होता. तू म्हणालीस, "मला वाटलं, गाणं म्हणत असेल. पाणी पडत होतं." तू माझ्याकडे बघून म्हणालीस. मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेलो.

नसीमा खालाने मला फोनवर सांगितलं होतं, दुल्हाभाई अजून तुझ्याशी कामापुरतं बोलतात. दोन वर्षं होत आली.

तू वेळेवर दार ठोकलं असतंस तरी काय झालं असतं, मला माहीत नाही. पण चूक तुझी नव्हती. खिडकी बंद होती. मी बंद केली होती आणि मीच उघडली. हे पत्र दुल्हाभाईंना दाखव. त्यांच्या आईला दाखव. वाटलं तर पोलिसांना दे. पाकिटाच्या मागे पूर्ण नाव आणि कंपनीचा पत्ता लिहितो.

आपा, मला मफी दे. देता आली तर दे.

मुनाफ


मुहर्रक
शुक्रवार, ९ जानेवारी

आपा,

ते पत्र शनिवारी पोस्टात दिलं. काउंटरवरच्या माणसाने शिक्का मारला तेव्हा परत मागावंसं वाटलं. तेवढ्यात त्याने ते मागच्या पिशवीत टाकलं.

मंगळवारचं सांगतो.

दहाला पाच कमी असताना मी स्टोअरमध्ये होतो. जाळ्या उघड्या होत्या. पाहुणे येणार म्हणून मसूदाने सगळं आवरलं होतं. बू राशिद आले, जयप्रकाश साहेब आले. मामांना खुर्चीत बसवून दाराशी आणलं, कारण त्यांना बघायचं होतं. दोन शाली, दोन मोजे. पाय फरशीपासून वर, एका पाटावर.

"चल मुनाफ, बिस्मिल्ला कर," साहेब म्हणाले.

मी वाकलो. बटणावर बोट ठेवलं. ते दाबलं गेलं नाही. मी मुद्दाम थांबलो असं नाही. बोट तिथेच राहिलं.

"काय झालं?"

"साहेब, मी नाही पेटवणार."

"म्हणजे?"

"या जाळ्या बंद होणार आहेत."

साहेब माझ्याजवळ आले आणि मालकांना कळू नये म्हणून हळू मराठीत म्हणाले, "मुनाफ, इथे तमाशा नको. गाडीत बोलू. आधी बटण दाब."

बू राशिदना हिंदी चांगलं येतं, त्यांचं अर्धं आयुष्य बाजारात गेलं आहे. ते म्हणाले, "क्या बोलता ये लड़का?"

"कुछ नहीं, थोड़ा चेकिंग बाकी है."

"नहीं," मी म्हणालो. मग मी मामांकडे तोंड केलं, कारण खोली त्यांची होती. "मामा, मेरा आपा का बेटी. लाईबा. नौ साल. बाथरूम में गॅस. ऊपर खिड़की. उसको ठंडा लगता था. मैंने बंद किया. मैंने. अपने हाथ से." आणि हात दाखवले. का दाखवले कोण जाणे, हातात काहीच नव्हतं. "हवा मफी. फिर..."

पुढचं हिंदीतही आलं नाही.

बू राशिदनी आईच्या चांगल्या कानाशी वाकून अरबीत सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मलाच विचारलं, हळूहळू, हाताने लहान मुलीची उंची दाखवत: "वेन अल-बिन्त?" म्हणजे मुलगी कुठे आहे?

आपा, मला इथलं तेवढंच बोलता येतं. मी म्हणालो, "मफी."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंडाने बोललो. लाईबा मफी.

मग मसूदा पुढे झाली. बॉयलरच्या मागे हात घालून तिने तो टॉवेल आणि अभ्रा काढला, घडी केलेला, आणि बू राशिदच्या समोर जमिनीवर ठेवला. "बाबा, मैं रोज़ रात को लगाती थी. आज भी लगाती. धूल के वास्ते." तिची नोकरी जाऊ शकली असती. पण तिने पंधरा मिनिटंही घेतली नाहीत, आणि मी दोन वर्षं घेतली.

मामांनी बॉयलरकडे बोट केलं. "मा अबी," त्या म्हणाल्या. नको मला. बू राशिद काहीतरी समजावू लागले, बहुतेक थंडीचं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं आणि पाय शालीत ओढून घेतले.

गाडीत साहेब पूल ओलांडल्यावर म्हणाले, "हे मला ऑफिसात सांगता आलं नसतं?"

"साहेब, मी माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं."

"आता सांगितलंस?"

"शनिवारी पत्र टाकलं."

त्यांनी आरसा नीट केला. आधीच नीट होता. "उद्यापासून मीना सलमानला गोदामात ये. साइटवर नको सध्या. मालकासमोर असं झालं की मला काहीतरी करावंच लागतं." मग उतरताना म्हणाले, "हीट पंपाची ऑर्डर आजच टाकतो. मयुरेशला पाइपाची लांबी लिहून दे. निबंध नको, नुसती लांबी."

अरादचं झालं. पण भीती गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. आता मी रोज मोजतो, पत्र कुठे पोचलं असेल. मुंबई. रत्नागिरी. खेड. पोस्टमन फाटकाशी. कधी वाटतं, ते हरवावं. मग त्या वाटण्याचीच भीती वाटते.

मुनाफ


मीना सलमान, बहरीन
शुक्रवार, २० फेब्रुवारी

आपा,

रोजे सुरू झाले आहेत. तुझं पाकीट बुधवारी आलं. कंपनीच्या पत्त्यावर आलं, आणि मयुरेशने स्वतः गोदामात आणून दिलं. "भारतातून आहे. फोड की," म्हणाला. मी फोडलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "बरं, मी जातो. माझ्यासमोर नको."

पाकिटावरचा पत्ता दुल्हाभाईंच्या अक्षरात आहे. त्यांचा 'ह' मी कुठेही ओळखेन. म्हणजे त्यांनी वाचलं. म्हणजे तू दाखवलंस. हे कळल्यावर पाकीट फोडायला मला दोन दिवस लागले. आज सकाळी फोडलं.

तुला अरादचं सांगायचं राहिलं. पंप गेल्या आठवड्यात आला. मला बसवायला पाठवलं नाही, पण मामांनी निरोप पाठवला की पाइपवाल्या मुलाला आणा. गेलो. यंत्र अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ आहे, थोडा घरघर आवाज करतं. स्टोअरमधल्या जाळ्या मसूदाने आता खुशाल बंद केल्या आहेत, आणि मीच तिला सिमेंट कालवून दिलं. हिवाळा जवळजवळ संपला. तरी मामांनी मोजे काढले, माझ्यासमोर, आणि दोन्ही पाय फरशीवर ठेवले. मग मला खूण केली. मीही चप्पल काढली आणि पाय ठेवला. पाव नुकताच भाजून ठेवल्यावर कागदातून हाताला लागतो ना, तेवढीच ऊब. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही.

आता पाकिटाचं.

आत तुझं पत्र नाही. माझंच आहे, दोन जानेवारीचं, शेवटचं पान. दुसरा कागद नाही, चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट फिरवलं. पान उजेडात धरून पाहिलं. घडीवर डाग आहेत, ते पाण्याचे आहेत की कशाचे, माहीत नाही.

खालून दुसऱ्या ओळीत एका शब्दाभोवती लाल पेन्सिलचा गोल आहे.

मी ते पत्र पुन्हा वाचलं नव्हतं, तुला सांगितलं होतंच. इथे येऊन जिभेला जी सवय लागली ती हाताला लागली. मी तुझ्याकडे मफी मागितली होती. जे नाही, ते मागितलं होतं. तू 'म'च्या पुढे लाल पेन्सिलने एक काना काढला आहेस. तो कागदात रुतला आहे, मागच्या बाजूला बोट फिरवलं की लागतो.

तू नुसती चूक दुरुस्त केलीस की काही दिलंस, हे मला कळत नाही. विचारायची भीती वाटते. उत्तर आलं तर त्याचीही वाटेल. पण घरचा नियम मला पाठ आहे. गोल आला की तो शब्द खाली पाच वेळा लिहायचा आणि वही तुझ्यासमोर ठेवायची.

ठेवतो. तपास.

माफी
माफी
माफी
माफी
माफी